चोरीस गेलेला संगणक आणि मुलांची माहिती

(केंद्र-संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेचे दप्तर ही पालकांनी विश्वासाने सोपविलेली ठेव आहे, हे प्राथमिक शिक्षकास नव्याने सांगावयास नको. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, आईवडिलांची नावे आणि पत्ता जनरल रजिस्टरमध्ये एकदा शाईने लिहिला गेला, की त्या पानाची जबाबदारी शाळेवर येते. म्हणूनच ते रजिस्टर कुलूपबंद कपाटात राहते, किल्ली मुख्याध्यापकांच्या ताब्यात असते आणि कार्यभार देता-घेताना दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. ही शिस्त अनेक पिढ्यांच्या अनुभवातून घडली आहे.

अलीकडे मात्र हे दप्तर कपाटाबाहेर पडले आहे. सरल, यू-डायस, शिष्यवृत्ती, पोषण आहार अशा नाना कामांसाठी मुलांची माहिती लॅपटॉपमध्ये, पेनड्राइव्हमध्ये आणि मोबाइलमध्ये साठविली जाते. जुन्या रजिस्टरात नसलेल्या गोष्टीही तीत आहेत. मुलाचा आधार क्रमांक, पालकांचा दूरध्वनी, बँकेचे खाते, अपंगत्वाची नोंद, छायाचित्र हे सारे एकत्र असते. पूर्वी हे दप्तर पळवावयास चोराला शाळा फोडावी लागे. आता एक पिशवी उचलली तरी पुरे.

उपनगरी रेल्वेने ये-जा करणाऱ्या शिक्षकांस ही गोष्ट विशेष जवळची वाटेल. मुंबई उपनगर जिल्हा सर्वस्वी शहरी असल्यामुळे तेथे जिल्हा परिषद नाही. परंतु बिऱ्हाड बोरिवली, अंधेरी, मुलुंड किंवा घाटकोपर येथे आणि शाळा पालघर वा ठाणे जिल्ह्यातील खेड्यात, अशी कसरत करणारे शिक्षक थोडे नाहीत. अशाच एका गुरुजींची कल्पना करू. ते अंधेरीस राहतात. सायंकाळी कसाऱ्याकडून येणाऱ्या गाडीने घाटकोपरला उतरून तेथून मेट्रो धरतात. दिवसभराच्या श्रमाने डोळा लागलेला, पिशवी वरच्या फळीवर. घाटकोपर येताच गर्दीचा लोंढा उठतो, गुरुजी फळीकडे हात नेतात आणि हाताला काही लागत नाही. पिशवीत डबा होता, छत्री होती आणि चव्वेचाळीस मुलांची संपूर्ण माहिती असलेला लॅपटॉप होता.

यंत्र गेले याचे दुःख मोठेच; पण ते पैशाने भरून निघते. मुलाची जन्मतारीख, त्याच्या घरचा पत्ता, त्याच्या व्यंगाची नोंद या गोष्टी एकदा परक्या हाती गेल्या, की परत घेता येत नाहीत. उद्या त्यांतील एखाद्या आईला दूरध्वनी येतो. बोलणारा मुलाचे नाव, इयत्ता, शाळा आणि बँकेचे नाव अचूक सांगतो, शिष्यवृत्ती जमा करावयाची आहे म्हणतो आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागतो. इतके सगळे ठाऊक असलेला माणूस शाळेचाच असणार, असे त्या माउलीला वाटले तर तिला दोष कसा द्यावा?

गुरुजी मात्र स्वतःची समजूत घालतात, “लॅपटॉपला पासवर्ड आहे, चिंता नाही.” हे समाधान कितपत खरे, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पासवर्ड आणि कूटलेखन

संगणक सुरू केल्यावर जो परवलीचा शब्द विचारला जातो, त्याचे काम दारावरील पहारेकऱ्याचे आहे. तो पुढच्या दाराने येणाऱ्यास अडवितो. परंतु माहिती असते ती आतील डिस्कवर. चार स्क्रू काढून ती डिस्क बाहेर घेतली आणि दुसऱ्या संगणकास जोडली, की पहारेकरी मागेच राहतो व सर्व फाइली सरळ वाचता येतात. त्यासाठी मोठी विद्या लागत नाही; दुरुस्तीच्या दुकानातील होतकरू मुलगाही ते करतो. तात्पर्य, नुसत्या पासवर्डाच्या भरवशावर गुरुजींनी निर्धास्त राहू नये.

खरे रक्षण होते ते डिस्कवरील मजकूरच वाचण्याजोगा न ठेवल्याने. यास एन्क्रिप्शन म्हणतात. आपण कूटलेखन म्हणू. डिस्कवर जाणारे प्रत्येक अक्षर एका गुप्त किल्लीने बदलून लिहावयाचे आणि वाचताना त्याच किल्लीने पूर्ववत करावयाचे, ही त्याची रीत. डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी किल्लीवाचून तेथे निरर्थक चिन्हांची रास दिसते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. बोटांच्या खुणांनी बोलावयाची करपल्लवी आणि डोळ्यांच्या खुणांची नेत्रपल्लवी महाराष्ट्रात जुन्या काळापासून ठाऊक आहेत. वर्गातही तिचा खेळ करता येईल. प्रत्येक व्यंजनाऐवजी वर्णमालेतील पुढचे व्यंजन लिहावे, एवढाच नियम ठेवला, तर ‘माती’चे ‘याथी’ होते आणि ‘वही’ची ‘शळी’. दोन घरे पुढे सरकविले तर ‘माती’ची ‘रादी’ होते. किती घरे सरकावयाचे, ही त्या लेखनाची किल्ली. मुलांना गंमत वाटेल आणि थोड्याच वेळात एखादे चलाख मूल म्हणेल, की व्यंजने चौतीस, तेव्हा तेहेतीस वेळा प्रयत्न केला की गूढ उकललेच! त्या मुलाला शाबासकी द्यावी. विषयाचे मर्म त्याने ओळखले आहे. कूटलेखनाचे बळ किल्ल्यांच्या संख्येत असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एखादी लिपी अपरिचित असली म्हणजे मजकूर गुप्त राहतो, असे नव्हे. आज मोडी वाचणारे थोडे आहेत, म्हणून मोडी दप्तर सर्वसामान्यांस गूढ वाटते. परंतु २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरे उघडली गेली आणि मोडीतील नोंदी जाणकारांनी वाचून दाखविल्या. ज्याने ती लिपी शिकून घेतली त्याला ती खुली आहे. ऑग्युस्त केरकॉफ्स या भाषेच्या अध्यापकाने १८८३ सालीच हे तत्त्व मांडले, की लेखनाची पद्धत शत्रूला पूर्ण ठाऊक झाली तरी चालावे, किल्ली तेवढी गुप्त असावी.

आजची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. योआन दामेन व विन्सेंट रेमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी रचलेली आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ साली स्वीकारलेली ‘एईएस’ ही पद्धत जगभर वापरली जाते. तिचे सर्व नियम छापून प्रसिद्ध झालेले आहेत. गुप्त असते ती केवळ किल्ली. तिच्या लहान प्रकारातही शून्य आणि एक या अंकांची १२८ स्थाने असतात. अशा किल्ल्यांची एकूण संख्या लिहावयास ३९ अंक लागतात. दर सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या पडताळणारी यंत्रे शंभर कोटी संख्येने कामास लावली, तरी सर्व किल्ल्या पडताळण्यास एक हजार कोटींहून अधिक वर्षे लागतील. लोकलमधून पिशवी उचलणाऱ्याची तेथे काय कथा!

अनुभव काय सांगतो

जगातील दोन घटना या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. २००६ च्या मे महिन्यात अमेरिकेतील माजी सैनिकांच्या खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली. त्याने कामासाठी घरी नेलेली माहिती चोरीस गेलेल्या लॅपटॉपमध्ये व जोडीच्या डिस्कमध्ये होती. सुमारे दोन कोटी पासष्ट लाख लोकांची नावे, जन्मतारखा आणि ओळखक्रमांक त्यात होते, आणि त्यांतले काहीही कूटलिखित नव्हते. पुढे यंत्र सापडले, माहिती कोणी उघडली नसावी असा निर्वाळाही मिळाला. पण तोवर सर्व देश धास्तावला होता. त्या कर्मचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. घरी काम उरकावे, एवढेच त्याच्या मनात होते. आपले शिक्षकही रात्री जागून हेच करीत असतात.

दुसरी घटना ब्राझीलची. २००८ साली तेथील पोलिसांनी ‘सत्याग्रह’ असे भारतीय नाव दिलेल्या मोहिमेत एका बँकरच्या घरातून पाच डिस्क जप्त केल्या. त्या कूटलिखित होत्या. तेथील गुन्हे-अन्वेषण संस्थेने पाच महिने प्रयत्न केले, मग अमेरिकेच्या एफबीआयने एक वर्ष खटपट केली आणि २०१० साली त्या डिस्क न उघडताच परत पाठविल्या. हे साधन सज्जन-दुर्जन जाणत नाही. ते किल्ली जाणते. परंतु दोन सरकारांच्या तज्ज्ञांना जे साधले नाही, ते फलाटावरील चोरास साधणार नाही, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

कूटलेखन कोठे थिटे पडते

इतके बळकट साधन असूनही त्याच्या मर्यादा ओळखल्या नाहीत, तर ते फसवे ठरते. पहिली मर्यादा अशी, की उघड्या संगणकाला कूटलेखनाचे संरक्षण नसते. यंत्र चालू असताना किल्ली त्याच्या स्मृतीत असते आणि मजकूर वाचनीय असतो. २०१३ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात अमेरिकी पोलिसांनी एका आरोपीचा लॅपटॉप तो काम करीत असतानाच झडप घालून हस्तगत केला. मिटला असता तर तो पुन्हा उघडता येणार नाही, हे ते जाणून होते. तेव्हा लॅपटॉप चालू ठेवून हजेरीपट भरता भरता वर्गाबाहेर जाणे, हे कपाटाला किल्ली तशीच लटकत ठेवून जाण्यासारखे आहे.

नुसते झाकण मिटल्याने यंत्र बंद होत नाही, ते झोपते. २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की वीज तोडल्यावरही संगणकाच्या स्मृतीतील मजकूर काही क्षण टिकतो, आणि ती चिप थंड केली तर बराच अधिक काळ टिकतो. त्यातून किल्ली हुडकता येते. सामान्य चोर एवढ्या खटाटोपात पडणार नाही. तथापि प्रवासास निघताना यंत्र पूर्णपणे बंद करावे, हा नियम सोपा आहे व त्यास खर्चही नाही.

दुसरी मर्यादा परवलीच्या शब्दाची. १२८ स्थानांची किल्ली माणसाला पाठ होत नाही. म्हणून ती यंत्रातच राहते आणि परवलीच्या शब्दाने किंवा पिनने उघडते. किल्ल्या असंख्य असल्या तरी चार अंकी पिन फक्त दहा हजार होतात. काही ठराविक चुकांनंतर यंत्र चोरास थांबविते खरे. परंतु पिनच तर्काने ओळखता येण्यासारखी असेल तर त्याचा उपयोग काय? शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक पुष्कळ ठिकाणी परवलीचा शब्द म्हणून वापरतात. तो क्रमांक शाळेच्या फलकावर रंगविलेला असतो! परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत एकापुढे एक लिहावेत. ते लक्षात राहतात आणि परक्यास सुचत नाहीत. ते चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत मात्र ठेवू नयेत. पुष्कळ विंडोज संगणकांत यंत्र सुरू होताच आतील चिप डिस्कची किल्ली आपण होऊन देते, आणि पुढे विंडोजचा पासवर्ड हाच एक अडसर उरतो. जाणकारांनी ही वाट फोडून दाखविली आहे. म्हणून जेथे सोय असेल तेथे यंत्र सुरू होण्यापूर्वीच पिन विचारली जाईल, अशी योजना करावी.

तिसरी मर्यादा प्रतींची. लॅपटॉप कूटलिखित आहे, पण तीच यादी पेनड्राइव्हवर उघडी आहे, ईमेलमध्ये आहे आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटातही आहे, तर एका खिडकीला गज बसवून बाकीच्या सताड उघड्या ठेवल्यासारखे झाले.

मोबाइलविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. चोरीस गेलेला मोबाइल त्याच्या आयएमईआय क्रमांकावरून निकामी करण्याची केंद्र सरकारची योजना सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरून ती देशभर उपलब्ध आहे. हिचा उपयोग अवश्य करावा. परंतु तिने चोराच्या हातातील यंत्राचे जाळ्याशी असलेले नाते तुटते. आतील छायाचित्रे व याद्या तेथेच राहतात. त्यांचे रक्षण कूटलेखन करते. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून नव्या मोबाइलांत ते मुळातच असते. मात्र पडद्याला पिन वा पासवर्ड लावलेला असेल तरच त्याचे बळ मिळते.

परक्यास बंद, आपल्यास खुले

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. कूटलेखन चोराला अडविते, तसेच ते किल्ली हरवलेल्या मालकालाही अडविते. तेथे दयामाया नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या गुरुजींनी लिहिलेली नोंद २०२३ साली एखाद्या कुटुंबाच्या कामी आली, ती वाचता आली म्हणून. उद्या एखादा विद्यार्थी दाखल्यासाठी येईल आणि ‘किल्ली हरवली’ असे उत्तर त्याला ऐकावे लागेल, तर ते दप्तर जळाल्यासारखेच झाले. दप्तर सुरक्षित असणे म्हणजे परक्यास ते बंद असणे आणि अधिकाऱ्यास, मुलास, पालकास ते योग्य वेळी खुले होणे. या दोन्ही गोष्टी साधल्या पाहिजेत.

यासाठी विंडोजमध्ये कूटलेखन सुरू करताना ४८ अंकांची एक राखीव किल्ली मिळते. ती कागदावर उतरवून, लिफाफ्यात मोहोरबंद करून, शाळेच्या कुलूपबंद कपाटात ठेवावी व कार्यभाराच्या यादीत तिची नोंद करावी. येथे एक सावधगिरी हवी. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना दुकानदाराने आपल्याच खात्याने नोंद केलेली असेल, तर ही किल्ली त्याच्या खात्यात जाऊन बसण्याचा संभव असतो. खाते शाळेचे किंवा मुख्याध्यापकांचे आहे ना, हे प्रथम पाहावे.

शाळांनी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात:

१. संगणकाच्या सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ हा पर्याय चालू आहे की नाही, हे पाहावे. ॲपलच्या संगणकात यास ‘फाइलव्हॉल्ट’ म्हणतात. लिनक्समध्ये प्रणाली बसवितानाच हा पर्याय निवडावा.

२. चालू करण्यापूर्वी सर्व माहितीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. ती डिस्कही कूटलिखित करून शाळेच्या कपाटात ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.

३. ज्या माहितीचे काम संपले ती संगणकातून काढावी. जी माहिती जवळ नाही ती चोरीस जात नाही. नुसती पुसलेली फाइल मात्र डिस्कवर बरेचदा शिल्लक राहते. म्हणून कूटलेखन आरंभापासूनच असावे.

४. प्रवासात यंत्र पूर्ण बंद असावे आणि पिशवी फळीवर न ठेवता मांडीवर असावी.

५. जुना संगणक विकताना किंवा दुरुस्तीस देताना, डिस्कवरील माहितीचा विचार चोरीइतक्याच गांभीर्याने करावा.

आणि एवढे करूनही चोरी झालीच, तर संकोचाने गप्प बसू नये. लगेच लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार नोंदवावी, मुख्याध्यापकांस व वरिष्ठांस लेखी कळवावे, सरल, शालार्थ आणि ईमेल यांचे परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. संगणक कूटलिखित नसेल तर पालकांची सभा घेऊन खरे ते सांगावे आणि अनोळखी दूरध्वनींविषयी सावध करावे. कोणाचे पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदा केला आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले आहेत. माहिती बाळगणाऱ्याने ती सांभाळण्याचे वाजवी उपाय योजावेत, हा त्याचा रोख आहे. आणि त्या उपायांत कूटलेखनाचा उल्लेख आहे. परंतु शिक्षकाला कायद्याच्या धाकाने हे करावे लागू नये.

आता पुन्हा घाटकोपरच्या फलाटावर उभ्या असलेल्या त्या गुरुजींकडे वळू. त्यांचा संगणक पूर्ण बंद होता, डिस्क कूटलिखित होती, परवलीचा शब्द त्यांच्या स्मरणात, राखीव किल्ली शाळेच्या कपाटात आणि माहितीची प्रत तिच्या शेजारी होती, असे समजा. तर चोराच्या हाती एक यंत्र आणि एक छत्री लागली. गुरुजींना दुःख झाले, तक्रार लिहिण्यात रात्र गेली, पण दुसऱ्या दिवशी शाळेत ते त्या चव्वेचाळीस मुलांपुढे निश्चिंत मनाने उभे राहू शकतील. यांपैकी एकही गोष्ट केलेली नसेल, तर मुले रोजच्यासारखी ‘नमस्ते गुरुजी’ म्हणतील आणि गुरुजींना त्यांच्या डोळ्याला डोळा भिडविता येणार नाही.

शाळेत नाव घालताना अक्षरओळख नसलेली आई आपल्या मुलाचे सर्व कागद शिक्षकाच्या हाती देते आणि दाखविलेल्या जागी अंगठा उमटविते. काय लिहिले, कोठे ठेवले, हे ती विचारीत नाही. गावी परतल्यावर प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेच्या संगणकाचे सेटिंग्जचे पान एकवार उघडून पाहावे, एवढीच विनंती.